रुसूबाईचं डावं वळण

आमच्या दादाला कुणाच्याही घरी सरळ खुर्चीत बसता येत नाही. आधी तो खुर्चीची पाठ धरून ती हलवून बघतो, मग वाकून तिच्या पायांकडे बघतो, मग "हं" म्हणतो आणि मग बसतो. माझ्या सासरी पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने हेच केलं, आणि वर माझ्या सासऱ्यांना विचारलं, "कुणी केलीय हो ही? जोड ढिला आहे." मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दादा येणार असला की सासरे अजूनही ती खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवतात.

तो तंत्रशाळेत सुतारकाम शिकवतो. मी त्याची धाकटी बहीण, पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. आमच्या घराण्यात विमानाशी कुणाचा दुरूनही संबंध नव्हता. पण शहराबाहेर, गोदामं संपतात तिथे, एक छोटी धावपट्टी आहे आणि तिच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये हौशी लोकांचा फ्लाइंग क्लब. तिथल्या एका जुन्या विमानाच्या लाकडी पंखाची फासळी मोडली, तेव्हा क्लबचा शिक्षक सुतार शोधत शाळेत आला. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. माणूस दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा आडवातिडवा, आणि आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. दादाने फासळी करून दिली आणि मजुरी नको, एक चक्कर मारून आणा, म्हणाला.

त्या दिवशी घरी आला तो गप्पच. जेवतानाही गप्प. वहिनी दवाखान्यात नर्स आहे, तिने सवयीने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. ताट बाजूला सारून तो म्हणाला, "मला ते शिकायचंय." वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. चाळिशीला आलेल्या माणसाला भलतंच खूळ लागलं, चार दिवसांत उतरेल, असं आम्ही धरून चाललो. ते उतरलं नाही. तो शिकला, परवाना मिळवला, आणि दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून असा निघायचा की वहिनी म्हणायची, "लग्नात तरी एवढा वेळेवर आला होता का विचारा."

तो ज्या विमानावर शिकला, ज्याची फासळी त्याने केली, ते दोन माणसांचं, कापडी पंखांचं विमान म्हणजे रुसूबाई. हे नाव माझं. मी कधी त्यात बसले नव्हते आणि बसणारही नव्हते. मला माळ्यावर चढलं तरी गरगरतं. पण दादाने तिच्या इतक्या कागाळ्या सांगितल्या होत्या की नाव ठेवल्यावाचून राहवलं नाही.

तिचं रुसणं काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी एकेक लांब फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. मी फळीच म्हणते. डावीकडे वळायचं असलं की हातातला दांडा डावीकडे करायचा. मग डाव्या पंखाची फळी वर उठते, उजव्या पंखाची खाली झुकते. डावा पंख खाली जातो, उजवा वर येतो आणि विमान डावीकडे कलतं. इथवर माझ्याही डोक्यात शिरतं. गोम पुढे आहे. खाली झुकलेली फळी तो पंख वर उचलते खरी, पण हवा असं काही फुकटात करू देत नाही. पंख जितका वर उचलला जातो, तितकं त्याला मागेही ओढलं जातं. म्हणजे उजवा पंख वर येतोय आणि मागेही राहतोय. मग नाक कुठे जाणार? उजवीकडे. आपल्याला जायचंय डावीकडे आणि बाईसाहेबांनी तोंड फिरवलंय उजवीकडे. तेवढ्यात डाव्या पायाने पॅडल दाबायचं, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरतं आणि नाक ताळ्यावर येतं. समोर एका वाकड्या काचेच्या नळीत एक काळी गोळी असते. हात आणि पाय बरोबर पडले की गोळी मधोमध राहते, नाहीतर कडेला पळते.

थोडंफार हे सगळ्याच विमानांचं असतं, दादा म्हणायचा. पण रुसूबाईचे पंख लांब, फळ्या मोठ्या आणि वर जितक्या उठायच्या तितक्याच खाली झुकायच्या. त्यामुळे तिचा रुसवा घसघशीत. पाय चांगला जोरात दाबल्याशिवाय ती ऐकायची नाही. "तिला हाताने सांगायचं आणि पायाने समजवायचं," असं तो कौतुकाने सांगायचा.

आणि मग त्याचा पायच गेला.

आकाशातून कधी पडला नाही हो, माळ्यावरून पडला. घरातल्या घरात, जुनी बॅग काढताना. कमरेचं हाड मोडलं ते जुळलं, पण मणक्यातली कसलीशी नस दुखावली आणि डाव्या पायातला जोर गेला तो परत आला नाही. काठी घेऊन चालायला लागला. शाळेत उभं राहून शिकवायचा, तो आता स्टुलावर बसून शिकवायला लागला. स्टूल हलवून बघायचं मात्र सोडलं नाही. परवाना अर्थातच थांबवला गेला. रविवारी सकाळी उठून तो शर्टाला इस्त्री करायचा आणि कपाटात लावून ठेवायचा. वहिनी ते बघून स्वयंपाकघरात जायची आणि उगाच भांडी आपटायची. मला काय करावं ते कळायचं नाही, म्हणून मी त्याच्याशी भांडायचे.

क्लबच्या दुसऱ्या, नव्या विमानाचे ब्रेक पायाच्या पंज्यांनी दाबायचे होते, ते त्याला जमणारं नव्हतं. रुसूबाईला हाताचा ब्रेक होता. पण ती तर आता जुनी म्हणून शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडली होती. दादाने ती मागून घेतली. मग परीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारून आला. त्यांचं म्हणणं असं की पाय कसा आहे हे आम्हाला बघायचं नाही, विमान कसं चालतं ते बघायचंय. याच विमानात परीक्षक शेजारी बसेल, डावीकडे आणि उजवीकडे नीट वळून दाखवा, गोळी मधोमध ठेवा. जमलं तर या एका विमानापुरता परवाना परत. नाही जमलं तर विषय कायमचा संपला.

उजवीकडे वळायला उजवा पाय लागतो, तो धडधाकट होता. विमान उठताना ते आपसूक डावीकडे ओढ घेतं, तिथेही उजवाच पाय लागतो. प्रश्न फक्त डाव्या वळणाचा होता. उजवं पॅडल मागे आलं की डावं आपोआप पुढे जातं, म्हणून त्याने उजव्या पॅडलला पट्टा लावून उजव्याच पायाने ते मागे ओढून बघितलं. पट्टा मीच शिवून दिला होता. पण पायाला ढकलायचा जोर असतो, ओढायचा नसतो. रुसूबाईला समजवायला तेवढ्याने भागणार नव्हतं.

"मग तिला रुसूच कमी द्यायचं," असं बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअर. क्लबच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची खुर्ची आहे, आणि दादा तेवढी एकच खुर्ची न हलवता मान्य करतो. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की खाली झुकणारी फळी ओढ लावते ना, तर तिला कमी झुकू द्यायचं आणि वर उठणाऱ्या फळीला जास्त उठू द्यायचं. त्यासाठी पंखाच्या आत, दांड्याकडून येणारी सळई आणि फळीकडे जाणारी सळई जिथे जोडल्या जातात, तिथला धातूचा वाकडा तुकडा बदलायचा. त्याला बाई कोपर म्हणायच्या. कोपराचा कोन बदलला की दांडा दोन्हीकडे सारखाच हलला तरी फळी एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी हलते. दुसरी गोष्ट म्हणजे फळीच्या पुढच्या कडेला खालच्या अंगाने नाक काढायचं आणि बिजागरी थोडी मागे घ्यायची. मग फळी वर उठली की तिचं नाक पंखाखाली बाहेर डोकावतं आणि हवेला अडतं. म्हणजे ज्या बाजूला वळायचंय त्याच बाजूच्या पंखाला थोडी ओढ बसते, आणि दोन्हीकडची ओढ सारखी व्हायला लागते.

दादाचे डोळे चमकले. "म्हणजे पायाची गरजच उरणार नाही?"

"उरेल. कमी उरेल. मी जादूगार नाही," बाई म्हणाल्या.

"किती कमी?"

"तुझ्या त्या पायाला झेपेल एवढी व्हावी, अशी माझी इच्छा आहे. गणित हो म्हणतंय. बाकी हवा ठरवेल."

बाईंनी आराखडे काढले, मंजुऱ्यांच्या मागे लागून त्या आणल्या. दादाने शाळा सुटल्यावर रोज शेड गाठायला सुरुवात केली. फळ्या नव्याने केल्या, त्यांची नाकं घासून घासून अशी गुळगुळीत केली की कुणी पाहुणा आला की त्याला हात फिरवायला लावायचा. पंखांचं जुनं कापड काढलं. नवं कापड शिवायचं काम माझ्यावर आलं, मला कुणी विचारलंही नाही. पंखाच्या प्रत्येक फासळीला मेण लावलेल्या दोऱ्याने कापड गाठी मारत शिवायचं, वरून रोगणाचे हात द्यायचे. माझी बोटं सोलवटली. नवरा म्हणायला लागला की घरातला पडदा फाटलाय तो कधी शिवणार. शेवटची गाठ मारली तेव्हा मी दादाला बजावलं, "हे बघ, आता याला कुणी कात्री लावायची गोष्ट काढली, तर मी त्याला कात्री लावीन." तो हसला.

बाईंचं त्याच सुमारास डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या घरी डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या. मी कापड चढवायच्या आधी दादाने कोपरं बसवली, फळी हलवून कोनमापकाने माप घेतलं आणि त्यांना फोनवर कळवलं, "वर पंचवीस अंश, खाली दहा. दोन्ही पंखांना." बाई फोनवरच खूश झाल्या. पंख विमानाला जोडल्यावर कॅप्टनने दांडा डावीकडे करून डावी फळी वर जाते ना, उजवी खाली जाते ना, ते बघितलं. जात होती. सगळं बरोबर होतं.

पहिल्यांदा रुसूबाई उडाली तेव्हा कॅप्टन दादाच्या शेजारी बसला होता. आम्ही खाली उभ्या. वहिनीने माझा हात असा आवळला होता की मला सुई टोचल्यासारखं झालं. विमान उठलं, बरंच उंच गेलं, उजवीकडे वळलं, मग डावीकडे वळलं, तेव्हा ते कसंतरी आडवंच घसरल्यासारखं दिसलं. मला त्यातलं काय कळणार. उतरल्यावर दादा बराच वेळ आतच बसून होता. मग उतरला, काठी घेतली आणि म्हणाला, "सवय नाही राहिली."

दुसऱ्यांदा गेले. तेच. त्या वेळी तो उतरला तेव्हा घामाने चिंब भिजला होता आणि डावा पाय थरथरत होता. कॅप्टन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हळूहळू होईल." असं बोलून तो स्वतःच्या बुटांकडे बघत निघून गेला.

घरी आल्यावर दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आम्ही दोघी आत. तो म्हणाला, "विमान चांगलं झालंय. बाईंनी सगळं केलं, तू केलंस. पायच राहिला नाही." एवढं शांतपणे बोलला की मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. मी म्हटलं, "मग काय करणार आहेस?" तो म्हणाला, शाळेच्या दालनात मुलांना बघायला विमान हवंच होतं, तिथे टांगू. आणि परीक्षकांच्या कार्यालयाला फोन करून तारीख रद्द करायला त्याने मला सांगितलं. त्याच्याच्याने ते होणार नाही म्हणाला.

मी हो म्हटलं आणि फोन केला नाही. का नाही केला, तर मला राग आला होता म्हणून. कुणाचा ते माहीत नाही. रोज सकाळी ठरवायचे की आज करू, आणि मग कुठल्यातरी सोफ्याचं माप घ्यायला निघून जायचे. दादा विचारायचा नाही. इस्त्रीचा शर्ट त्याने एका विद्यार्थ्याला देऊन टाकला.

अशात एका दुपारी मी वहिनीच्या दवाखान्यात डबा द्यायला गेले. ती औषधांच्या कपाटात काहीतरी शोधत होती. म्हणाली, "वन्सं, तो कॅप्टन माणूस म्हणायचा की नाजूक फूल? एवढा धिप्पाड गडी, आणि परवा मलम मागायला आला होता. मांड्या भरून आल्यात म्हणे. सांगू नका कुणाला, असंही म्हणाला."

मी डबा तसाच टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"तो म्हणाला, रुसूबाई चालवल्यापासून. तो एकटाही एकदा तिला घेऊन गेला होता ना, बघायला. त्यानंतर तर जास्तच."

"कुठला पाय? डावा?"

"दोन्ही."

मी तिथून थेट शेडवर गेले. कॅप्टन एका मुलीला विमानातल्या काट्यांच्या तबकड्या समजावून सांगत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि विचारलं, "कॅप्टन, रुसूबाईला वळवताना तुमचे पाय दुखले?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "थोडे."

"आधी दुखायचे? जुन्या फळ्या होत्या तेव्हा?"

"नाही ताई. आधी बरी होती. आता खरं सांगायचं तर सगळा जोर लावून पाय दाबावा तेव्हा कुठे गोळी मधे येते. मला वाटलं, बाईंची कल्पना फसली. त्या एवढ्या वयाच्या, त्यांनी एवढं मन घालून केलं. दादाने उन्हाळाभर घाम गाळला. त्यांना तोंडावर कसं सांगू?"

"आणि म्हणून त्याला वाटू दिलंत, की त्याचा पाय फसला?"

तो एकदम खालीच बसला, पाना-पक्कडीच्या पेटीवर. त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याचं मन राखायला तोंड मिटून बसला होता, आणि ज्याचं मन राखायचं तो घरी बसून स्वतःच्या पायाला दोष देत होता. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. रागाचं म्हणाल तर मी तो तिथल्या तिथे बोलून दाखवला.

दादाला मी ओढतच आणलं. बाईंनाही आणलं, डोळ्याला काळा चष्मा लावलेल्या. कॅप्टनने मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माप पुन्हा घे. माझ्यासमोर."

दादा म्हणाला, "बाई, मी घेतलंय. वर पंचवीस, खाली दहा."

"घेतलंयस ना? मग पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?"

कॅप्टन आत बसला आणि त्याने दांडा डावीकडे नेला. दादाने डाव्या फळीला कोनमापक लावला. फळी वर गेली आणि थोडक्यातच थांबली. "दहा," तो म्हणाला. मग दांडा उजवीकडे. फळी खाली गेली, आणि जातच राहिली. दादाने कोनमापकाकडे बघितलं, मग फळीकडे, मग परत कोनमापकाकडे. आकडा वाचलाच नाही.

"अरे, उलटं आहे," बाई म्हणाल्या. "वर कमी, खाली जास्त. जे कमी करायचं होतं तेच आपण वाढवलंय."

"पण मी मोजलं होतं," दादा पुटपुटला. आणि मग तो वळून शेडच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी घोड्यांकडे बघत राहिला. त्या घोड्यांवर सगळा उन्हाळा पंख ठेवून त्याने काम केलं होतं. मला कळलं त्याला काय दिसतंय, कारण ते मलाही दिसलं. खालच्या बाजूने आत हात घालायला सोपं जावं म्हणून त्याने पंख पालथे ठेवले होते. बाईंचा आराखडा वरून बघितल्यासारखा काढलेला. त्याने तो समोर ठेवला, त्यात दिसलं तसं कोपर बसवलं, आणि पालथ्या पंखात ते नेमकं आरशातल्यासारखं उलटं बसलं. डाव्याचं उजव्यात, उजव्याचं डाव्यात. दोन्ही बसतही होती चपखल. आणि मग माप घेताना फळी छताकडे उठवली आणि "वर पंचवीस" म्हणाला. पण पंखच पालथा, तर छताकडे म्हणजे खाली. चूक आणि चुकीचं माप एकमेकांना अशी जुळली, की आकडे बरोबर आले.

"डावी बाही उजवीकडे लावलीस आणि उजवी डावीकडे," मी म्हटलं. शिवणकाम शिकणारी प्रत्येक पोर हे एकदा करते.

दादा मागे सरकला आणि जवळच्या स्टुलावर बसला. न हलवता. जन्मात पहिल्यांदा मी त्याला तसं बसताना बघितलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि म्हणाला, "म्हणजे माझा पाय नव्हे." असं तो दोनतीनदा म्हणाला. वहिनीही दवाखान्यातून येऊन मागे उभी होती, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाईंनी काळा चष्मा काढून पुसला आणि फोनवर विश्वास ठेवल्याबद्दल स्वतःलाच चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आता कोपरं काढून अदलाबदल करायची होती. पंखाखाली दादाने झाकण ठेवलं होतं, पण एवढंसं, की हात आत जाई आणि कोपर बाहेर येईना. तो माझ्याकडे बघेना. कॅप्टनही छताकडे बघत होता. बाई खाकरल्या.

मी पिशवीतून माझी कात्री काढली. शिवताना प्रत्येक गाठीला मी किती शिव्या घातल्या होत्या ते मलाच माहीत. कापडावर खडूने चौकोन आखला, टोक टोचलं आणि कापत गेले. रोगण चढलेलं कापड कापताना आवाज येतो, तो ऐकून दादाच कळवळला. मी म्हटलं, "गप्प बस. माझं शिवण आहे, मी कापीन."

मग परीक्षकांच्या कार्यालयाला फोन केला. रद्द नाही, पुढे ढकला, म्हटलं. पलीकडचा माणूस म्हणाला की कारण लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा, बाह्या उलट्या लागल्या. त्याने बहुतेक काहीतरी दुसरंच लिहिलं असेल.

परीक्षक एक काटकुळा, फारसं न बोलणारा माणूस निघाला. त्याने विमानाभोवती चक्कर मारली, हाताने फळी वर उचलून बघितली, खाली दाबून बघितली, पंखाखालच्या माझ्या ठिगळावरून बोट फिरवलं आणि आत बसला. या वेळी बाईंनी माप स्वतः घेतलं होतं, पंख उताणे आणि विमानाला जोडलेले असताना, दोनदा. कॅप्टन आधी एकट्याने चालवून आला होता आणि उतरताच त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं होतं, "पाय दुखले नाहीत." त्याचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

विमान उठलं. आम्ही शेडच्या सावलीत. उजवं वळण झालं. मग ते सरळ झालं आणि बराच वेळ सरळच जात राहिलं. वहिनी म्हणाली, "वळत का नाही?" बाई म्हणाल्या, "नाक बघ. पंख कलला की नाकाकडे बघ." पंख डावीकडे कलला. आधीच्या वेळी नाक उजवीकडे फिरलेलं मी पाहिलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. आता पंख कलला आणि नाक त्याच्याबरोबरच डावीकडे निघालं, रुसवाफुगवा काही नाही. मी बाईंकडे बघितलं. त्या हातरुमाल शोधत होत्या.

खाली आल्यावर परीक्षकाने दादाला एकच प्रश्न विचारला. "डाव्या वळणात डावा पाय वापरलात?"

"वापरला. जेवढा आहे तेवढा," दादा म्हणाला.

परीक्षकाने मान हलवली आणि सही केली.

पुढच्या रविवारी दादाने नवा शर्ट घातला, कारण जुना त्याने देऊन टाकला होता, आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "चल." मी म्हटलं, मला माळ्यावर गरगरतं. तो म्हणाला, "माळा वाईटच आहे, मला विचार. चल." नवरा मागून म्हणाला, जा, पडदा मी शिवतो. तोही दादाला सामील.

वर काय दिसलं ते मला विचारू नका, बराच वेळ मी डोळे मिटून होते. उघडले तेव्हा समोर नळीतली काळी गोळी दिसली. दादा म्हणाला, "डावीकडे वळू?" मी सीटची कड धरली. त्याने दांडा डावीकडे नेला. मी खिडकीतून बाहेर बघायच्या ऐवजी खाली बघितलं. त्याचा डावा पाय पॅडलवर होता, विजार सैल पडलेली, आतली पिंडरी वाळून गेलेली. तो पाय हलला. बोटभर हलला असेल, त्याहून जास्त त्याच्यात नव्हतंच. गोळी जागची हलली नाही.

"पुरला की रे," मी म्हटलं.

"पुरला," दादा म्हणाला, आणि त्याने तिला अजून थोडं डावीकडे घेतलं.